जाऊबाईंचा पंप, पुण्याचं भाड्याचं मशीन आणि शेवटी विकत घेतलेला

रविवारी डोहाळजेवण झालं आणि बुधवारी, १३ मार्च २०२४ ला, वहिनी बाळंत झाली. तेहतिसाव्या आठवड्यात. मुलगी, वजन १ किलो ७४० ग्रॅम. बार्शीला माहेरी जायची बॅग भरून दारामागे ठेवलेली ती तशीच राहिली, हॉस्पिटलची बॅग भरलेलीच नव्हती, आणि ब्रेस्ट पंप तर कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मी नणंद. टॅक्स कन्सल्टंटकडे हिशोबाचं काम करते म्हणून घरात कुठलाही मोठा खर्च निघाला की वही माझ्याकडे येते, तशी याही वेळी आली, आणि त्या वहीवरूनच हे लिहितेय. वहिनीने वाचून हो म्हटलंय, फक्त नावं घालायची नाहीत एवढी अट.

आधी परिस्थिती सांगते. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत. साधारण ३४ आठवड्यांच्या आधीच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि मध्ये श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमत नाही, त्यामुळे नळीतून दूध. डॉक्टरांचा आग्रह की आईचंच दूध हवं, आणि बाळ तर अंगावर ओढणार नाही, म्हणजे काढूनच द्यायचं. तिथल्या सिस्टरने पहिल्याच रात्री वहिनीला सांगितलं, दर दोन-तीन तासांनी काढायचं, चोवीस तासांत आठ वेळा, त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर, दूध येवो न येवो. पहिल्या दोन आठवड्यांत शरीराला किती मागणी कळते त्यावर पुढचं दूध बरंचसं ठरतं.

पहिले दोन दिवस पंपाचा प्रश्नच आला नाही. चीक इतका दाट आणि इतका थोडा असतो की मशीनने काढला तर निम्मा फनेललाच, म्हणजे छातीला लावायच्या नरसाळ्यालाच, चिकटून बसतो. सिस्टरने हाताने काढायला शिकवलं, अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून थोडं मागे धरायचं, आधी छातीकडे दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे आणायची, कातडीवरून घासत ओढायचं नाही. जो थेंब येईल तो सिरिंजने टिपायचा. पहिल्या वेळी अर्धा मिली निघाला. वहिनी रडायलाच लागली, तर सिस्टर म्हणाली, "ताई, आज तिला एवढंच लागतंय, आणा इकडे," आणि ती अर्धा मिलीची सिरिंज दोन्ही हातांनी, तीर्थ न्यावं तशी आत घेऊन गेली.

चौथ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली, मनगटं भरून आली. तिथून पंपाची चर्चा सुरू.

आईचं उत्तर तयारच होतं. "जुळे सोलापूरला मोठीकडे पडून आहे की, आणायचा." मोठी म्हणजे माझी चुलत वहिनी, वहिनीची जाऊ. तिने तिच्या मुलाच्या वेळी पाच महिने वापरून दोन वर्षांपूर्वी कपाटात ठेवून दिलेला. आणि ती मागायची वाटही न बघता स्वतःच संध्याकाळी हॉस्पिटलला घेऊन आली, मूळ खोक्यासकट, वर एक कूल बॅग, आइस पॅक, आठ बाटल्या. "नवीन कशाला घेताय, पाच महिन्यांची तर वस्तू." आता यात चूक काय आहे सांगा. आमच्याकडे पाळणा तिसऱ्या घरातून आलाय, दुपटी चौथ्या, टोपडं तर माझ्याच लहानपणचं. लेकराला जुनं वापरलेलं लाभतं असं आई म्हणते, आणि मऊ झालेलं सुती कापड बाळाला खरंच बरं असतं. पंप त्याच रांगेतला वाटला सगळ्यांना, मलाही.

सिस्टरने खोकं बघून एकच विचारलं, "क्लोज्ड सिस्टीम आहे का ओपन?" कुणालाच माहीत नाही. मग तिने मोटरला लागणारी पातळ नळी काढली आणि ट्यूबलाइटसमोर आडवी धरली. लांबून साफ दिसत होती. जवळून बघितल्यावर मोटरकडच्या टोकाला आतून मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. बुरशी. जाऊबाईंनी नळी हातात घेतली, परत बघितली, आणि हळूच म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे मी माझ्या लेकराला हे असलं..." कुणीच काही बोललं नाही. त्यांचं लेकरू तेव्हा अडीच वर्षांचं होतं, धडधाकट होतं, बाहेर पॅसेजमध्ये पळतच होतं, पण ते त्या क्षणी सांगून काय उपयोग.

यात जाऊबाईंच्या स्वच्छतेचा काही दोष नाही हे मला नंतर नीट समजलं. पंप हवा ओढतो आणि सोडतो. ओपन सिस्टीमच्या पंपात दूध आणि ती हवेची नळी यांच्यामध्ये पडदाच नसतो, त्यामुळे दुधाचे बारीक तुषार, दमट हवा नळीतून थेट मोटरपर्यंत जाऊ शकते. फनेल, बाटल्या उकळता येतात, नळी नवी घेता येते, पण मोटरच्या आतलं रबर घरी खोलून उकळता येत नाही, आणि नवी नळी लावली तरी हवा त्याच जुन्या मोटरशी खेळणार. शिवाय दुधातून जाऊ शकणारे विषाणू आहेत, सीएमव्ही, एचआयव्ही. सीएमव्ही तर कितीतरी धडधाकट बायकांच्या अंगात असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो, पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही पण दीड-पावणेदोन किलोच्या बाळाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एफडीएचं म्हणणंही हेच की एका बाईसाठी बनवलेला पंप दुसरीने वापरू नये, घरातलीच असली तरी. आणि 'हॉस्पिटल ग्रेड' हा शब्द त्यांच्या लेखी काहीच नाही, कुठलीही कंपनी खोक्यावर छापते. बघायचं ते हे की मशीन अनेक जणींसाठी बनवलंय का एकीसाठी.

जाऊबाईंना वाईट वाटलं ते वाटलंच, आठवडाभर फोन थोडे कमी झाले. पण कूल बॅग, आइस पॅक आणि कडक प्लास्टिकच्या बाटल्या आम्ही ठेवून घेतल्या, बाटल्या उकळून घेतल्या, आणि बाळ घरी येईपर्यंत तीच कूल बॅग रोज विजापूर रोडवरून हॉस्पिटलला गेली. म्हणजे मागून आणलेलं सगळंच परत गेलं नाही.

मधल्या काळात दादा मोबाईलवर १४ हजारांचा, ब्राच्या आत बसणारा, बिनवायरचा पंप ऑर्डर करून मोकळा होत होता. वहिनी म्हणाली, "अहो थांबा जरा, मला आठ दिवसांनी लागेल का हेच माहीत नाही." हे तिचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय कारण खरा प्रश्न तोच होता. बाळ पंधरा दिवसांत अंगावर ओढायला लागलं तर पंप पडून, आणि एकदा पाकीट फोडलं की कुणी परत घेत नाही. आणि दुसरीकडे आत्ता आठ वेळा काढायचंय, चांगलंच मशीन हवंय, आणि आजच हवंय. ऑनलाइनवाला चार दिवस सांगत होता. नवी पेठेत एका दुकानात हाताने दाबायचा पंप मिळाला असता, हजाराच्या आत, पण दिवसाला आठ वेळा, दोन्ही बाजू, एकेक करून, हाताने दाबत बसायचं म्हणजे मनगटाचं दुखणं तसंच राहणार.

भाड्याचं सोलापुरात शोधलं. हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकलच्या दुकानांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने, फाउलर बेड भाड्याने, नेब्युलायझर, वॉकर सगळं भाड्याने, पंप म्हटलं की दुकानदार इकडेतिकडे बघायला लागायचा. एकाने विचारलं, "मॅडम, पाण्याचा का?" शेवटी पुण्यात एकांकडे मिळाला. अनेक जणींनी वापरायचं मशीन, मेडेला सिंफनीसारखं, ज्याच्यात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो आणि प्रत्येक बाईने स्वतःचं किट, म्हणजे फनेल, नळी, वॉल्व्ह, बाटल्या, नवं विकत घ्यायचं असतं. भाडं महिन्याला ३,५००, डिपॉझिट १०,०००, किट ३,२००. रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सला पार्सल टाकलं, ३०० रुपये, आणि पहाटे सहाला दादा घेऊन आला. अडीचशे किलोमीटर लांबून भाड्याचं मशीन आणायचं म्हणजे आईला वेडेपणाच वाटला. "म्हशीचं दूध काढायचं मशीनसुद्धा मोहोळात मिळतं," हे तिचं.

आता जो भाग कुणी आधी सांगितला नाही तो. मशीन उत्तम, आणि तरी दूध वाढेना. सहाव्या दिवशी एका वेळेला २५ मिली, सातव्या दिवशी २०, आठव्या दिवशी सकाळी १८, दोन्ही बाजू मिळून. बाळाला तेव्हा दर दोन तासांनी २२ मिली द्यायचं ठरलं होतं, म्हणजे बाळ आमच्या पुढे पळत होतं. वहिनीला दुखत होतं पण ती म्हणायची दुखणारच. घरात लगेच कारखाना सुरू झाला, आईने अळिवाची खीर, बार्शीच्या मावशींनी डिंकाचे लाडू, शेजारच्या काकूंनी शतावरी कल्प, आणि प्रत्येकीचं एक वाक्य, "टेन्शन घेऊ नको, त्यानेच आटतं." असं म्हटलं की टेन्शन जातं असं यांना का वाटतं देव जाणे.

सिस्टरने वहिनी पंप लावून बसली असताना फक्त वाकून फनेलमध्ये बघितलं. किटसोबत २४ मिमीचं फनेल आलं होतं, आणि ओढलं की स्तनाग्राच्या भोवतीचा काळा भागही त्याच्यासोबत बोगद्यात खेचला जात होता, कडेला लाल रिंगण उठलेलं. फनेल मोठं होतं. स्तनाग्र बोगद्यात मोकळं पुढेमागे व्हायला हवं, बाजूला घासायला नको आणि काळा भाग फारसा आत यायला नको. मोजायचं कसं, तर स्तनाग्राच्या बुडाची रुंदी, काळा भाग सोडून, मिलिमीटरमध्ये, आणि त्यात साधारण एक-तीन मिमी मिळवून फनेल. मी घरी जाऊन पुतण्याच्या कंपासपेटीतली पट्टी आणली. १८ मिमी भरलं. २१ चं फनेल पुण्याहूनच मागवलं, परत ट्रॅव्हल्स, परत पहाटे सहा, ९०० रुपये. ते लावल्यावर पहिल्याच दिवशी दुखणं निम्म्यावर आणि दूध एका वेळेला ४० मिलीच्या पुढे गेलं. खीर-लाडवांचं श्रेय आईने घेतलं आणि आम्ही घेऊ दिलं, लाडू चांगलेच झाले होते.

दुसरी गोष्ट, बाळाला छातीशी धरून कांगारू पद्धतीने तासभर बसली की लगेच नंतरच्या वेळी दूध जास्त निघायचं. याला पैसे पडत नाहीत.

एक आणखी सांगायलाच हवं नाहीतर हे मशीनचं कौतुक होऊन बसेल. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, विडी कामगार घरातली, तेलुगू बोलणारी, तिचंही बाळ आत. तिने पूर्ण वेळ हाताने काढलं, स्टीलच्या उकळलेल्या वाटीत, दहा मिनिटांत ४० मिली, आणि वहिनीच्या मशीनकडे कुतूहलाने बघायची. तिला पंप लागलाच नाही. वहिनीला हाताची ती लय जमली नाही, प्रत्येकीला जमत नाही, पण पंप हवाच हवा असंही नाही, आणि हे आम्हाला विकायला बसलेल्या एकानेही सांगितलं नाही.

उन्हाळ्याचं बघा. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २५ डिग्रीच्या खोलीचं. सोलापुरात एप्रिलमध्ये बाहेर ४२, आमच्या पत्र्याखालच्या वरच्या खोलीत त्याहून वाईट, तेव्हा आम्ही चार तास हा आकडा डोक्यातून काढूनच टाकला, बाटली भरली की तारीख-वेळ लिहून लगेच फ्रिज, फ्रिजच्या दारात नाही, आत मागे. तिथे चार दिवस चालतं. हॉस्पिटलला नेताना कूल बॅग. धुण्याचं वेगळंच, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बाकी बोअरचं, आणि बोअरच्या जड पाण्याने वॉल्व्हच्या पातळ रबरावर पांढरा थर बसतो, मग ओढ कमी होते आणि माणूस समजतो दूध कमी झालं. आम्ही शेवटचं पाणी प्यायच्या फिल्टरचं वापरायला लागलो. आणि धुवायचं बेसिनमध्ये टाकून नाही, वेगळ्या घमेल्यात, जे फक्त त्याचंच. लाइट गेली की मशीन बंद, आमचं बिनबॅटरीचं होतं, दोनदा भर रात्री हातानेच काढावं लागलं तेव्हा सिस्टरचा पहिल्या दिवशीचा धडा कामाला आला.

एकोणिसाव्या दिवशी बाळ घरी आलं, १ एप्रिलला. तोवर वहिनीचं दिवसाचं दूध अर्ध्या लिटरच्या वर होतं. आधी वाटी-चमच्याने, मग हळूहळू अंगावर. मशीन महिन्याने परत करणार होतो, पण बाळ अंगावर दहा मिनिटांत दमून झोपायचं त्यामुळे आणखी पंधरा दिवस ठेवलं, अर्धं भाडं १,७५०. २ मे ला परत पाठवलं. डिपॉझिट यायला तीन आठवडे आणि माझे अकरा फोन लागले, शेवटी आलं पूर्ण. पार्सल करायच्या आधी मशीनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते म्हणून, नाहीतर एका ओरखड्यावरून बोलणी सुरू झालीच होती.

आता वही. भाडं ५,२५०, किट ३,२००, दुसरं फनेल ९००, पार्सल तीन वेळा मिळून ९००. एकूण १०,२५०. तेव्हा चांगला, दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप नवा साडेआठ हजारांना मिळत होता. म्हणजे भाडं स्वस्त पडलं नाही, दादा अजून मला यावरून टोचतो. माझं म्हणणं, भाड्याने आम्ही स्वस्ताई घेतलीच नव्हती. दिवसाला आठ वेळा चालणारं, ते दोन आठवडे दगा न देणारं मशीन घेतलं होतं, आणि पुढे लागेल का हे ठरवायला वेळ घेतला होता. पूर्ण दिवसांचं, पहिल्या दिवसापासून ओढणारं बाळ असतं तर मी एक रुपया खर्च करू दिला नसता, हाताने शिक म्हटलं असतं.

मग दुसरा अंक ऑफिसचा, आणि तिथे हिशोब उलटा. वहिनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात एक्सपोर्टचे कागद बघते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवडे, त्यातली जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येते, पण बाळ आधीच आल्यामुळे तिची आधीची एकही गेली नव्हती, सगळी नंतर मिळाली. १२ सप्टेंबरला, घरात गौरी-गणपती असताना, ती जॉईन झाली. पन्नास माणसं असतील तर पाळणाघर हवं, इथे चाळीस आहेत. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा बाळाला पाजायला सुट्टी, हे कायद्यात आहे, ते तिने साहेबांना कलमाचा आकडा न सांगता, नुसतं "सव्वाअकरा आणि साडेतीनला मी वीस मिनिटं नसेन" असं सांगितलं, आणि ते हो म्हणाले. कायदा खिशात ठेवून गोड बोललेलं बरं.

इथे लागणार दोन वेळा, आठवड्याला सहा दिवस, किती महिने तर पाच-सहा तरी. भाड्याने घेतलं तर ३,५०० गुणिले पाच म्हणजे साडेसतरा हजार. मागून आणायचा प्रश्न मिटलेलाच. तेव्हा विकत, एकाच बाजूचा, चार्जिंगचा, क्लोज्ड सिस्टीमचा, ३,४०० रुपये, आणि घेताना पहिला प्रश्न हा विचारला की २१ चं फनेल त्याला मिळतं का आणि वॉल्व्ह सुटा मिळतो का. दोन्ही मिळत होतं. दोन सुटे वॉल्व्ह तेव्हाच घेऊन ठेवले, डिसेंबरात एक फाटला तेव्हा वहिनीने पाच मिनिटांत बदलला आणि कुणी खीर केली नाही.

जागा मिळाली सॅम्पल रूमची. आतून कडी असलेली तेवढीच एक खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर टॉवेलच्या घड्या, एकाच निळ्याच्या सात छटा, प्रत्येकीला वजनाची चिठ्ठी. वहिनी त्यांच्याकडे बघत बसायची, आणि टॉवेलांच्या त्या ढिगाऱ्यांमुळे मोटरचा आवाज बाहेर जायचाच नाही म्हणते. बाटली पँट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवायला तिला संकोच वाटला, तिथे सगळ्यांचे डबे, कुणीतरी दही समजून उघडायचं, म्हणून जाऊबाईंचीच कूल बॅग, आइस पॅकसकट, टेबलाखाली. संध्याकाळी घरी आल्यावर फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी आई बाळाला वाटी-चमच्याने पाजायची. वरणभात सुरू झालाच होता तोवर.

मार्चमध्ये, वाढदिवस झाल्यावर, वहिनीने ऑफिसातलं काढणं हळूहळू बंद केलं. पंप धुऊन, वाळवून खोक्यात ठेवला. महिन्याभरात पंढरपूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन, सातवा महिना लागलाय, "तुमच्याकडे पंप पडून आहे ना गं?" आईने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. वहिनीने फोन घेतला आणि म्हणाली, "पंप नाही देणार गं, का ते भेटल्यावर दाखवते. पण बाकीचं पाठवते." दुसऱ्या दिवशी एसटीने पार्सल गेलं, कूल बॅग, आइस पॅक, आठ बाटल्या, ते घमेलं, आणि कंपासपेटीतली ती पट्टी. पुतण्या अजून विचारतो पट्टी कुठे गेली म्हणून.